दाजींची जीप आणि आक्काचं खापर

"विझव! विझव ते काडी, पुंडलिक! अबे पेट्रोल हाय, पेट्रोल! माह्यं घर जाळतं काय? तुही बिडी काय पळून चालली?"

ही माझी आक्का. ती ओरडली की वरवट बकालची कुत्री गाव सोडतात आणि थेट सातपुड्याच्या पायथ्याला जाऊन बसतात. शेजारचे पुंडलिकभाऊ तिच्या अंगणाच्या कोपऱ्यात उकिडवे बसले होते. ओठांत बिडी, बोटांत पेटलेली काडी आणि नजर माझ्यावर खिळलेली. खिळणारच. मी जुन्या जीपच्या बॉनेटमध्ये कमरेपर्यंत घुसलो होतो आणि पेट्रोलची नळी तोंडात धरून जीव खाऊन ओढत होतो. टाकी भरलेली, नळी मोकळी, तरी पेट्रोल यायला हत्तीची सोंड लागावी अशी गत. शेवटी आलं ते एकदम आलं. तोंड भरलं, नाकात गेलं, मिशी भिजली. थुंकायला जागा शोधत मी अंगणभर नाचलो, आणि अंगणभर आक्काच्या कुरड्या वाळत घातलेल्या.

"कुरड्यावर नोको थुकू! बबन्या, कुरड्यावर नोको!"

पुंडलिकभाऊंची काडी विझली. ती त्यांनी फुंकली नाही, आक्काच्या आवाजानंच विझली, असं माझं प्रामाणिक मत आहे. मी पळत जाऊन उकिरड्यावर थुंकलो. त्या जागी अजून गवत उगवलेलं नाही. खोटं वाटत असेल तर जाऊन बघा, वरवट बकालला एसटी जाते.

दुसरबीड

मी दुसरबीडचा. रस्त्याच्या कडेला माझं भज्यांचं हाटेल आहे. माझी मिरचीभजी खाऊन एक ट्रकवाला नागपूरपर्यंत तोंड उघडं ठेवून गेला होता, हे आमच्याकडं सगळ्यांना माहीत आहे. मी फुगवून सांगतो असं काही लोक म्हणतात. ते लोक भजी उधार मागणारे आहेत, त्यांच्याकडं लक्ष देऊ नका.

आमच्या जिल्ह्यात माणसांच्या दोनच जाती, घाटावरची आणि घाटाखालची. आम्ही घाटावरचे. आक्काला दिली घाटाखाली, पार पूर्णेच्या पलीकडं. चाळीस वर्षांत तिची बोलीसुद्धा घाट उतरून गेली. मी 'मला' म्हणतो, ती 'मले' म्हणते. मी 'कशाला' म्हणतो, ती 'काऊन' म्हणते. पण आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, ती माहेरी यायची म्हणजे यायचीच. येताना मांडीवर तिचं खापर. खापर म्हणजे उलट्या मडक्यासारखं मातीचं भांडं. ते चुलीवर पालथं तापवायचं आणि त्यावर पुरणाचे मांडे भाजायचे. आक्काचा मांडा हातावर हातावर नाचत एवढा मोठा होतो की, दोघं भाऊ त्याच्याखाली झोपले तरी पाय बाहेर राहू नयेत. आमच्या घरात दुसऱ्या कुणाला तो जमत नाही. माझ्या बायकोनं एकदा करून पाहिला. त्याचं आम्ही नंतर थालीपीठ असं नाव ठेवलं.

तर अशी आक्का सलग तीन आखाज्या आली नाही.

कारण दाजी. दाजी म्हणजे आक्काचे मालक, भाजीपाल्याचे शेतकरी, सज्जन माणूस. पण एसटीत बसले की पहिल्या वळणावर त्यांचं पोट ढवळतं आणि दुसऱ्या वळणावर शेजारच्या प्रवाशाचं. काचा लावलेली मोटार तर त्याहून वाईट. मी एकदा भाड्याची गाडी पाठवली, ती वेशीपर्यंत जाऊन परत आली आणि ड्रायव्हरनं ती तीन वेळा धुतली. दाजींना फक्त त्यांची ती जुनी पेट्रोल जीप चालते, तिला काचाच नाहीत. अन् दाजींना एकटं टाकून आक्का निघत नाही. आणि जीप तीन वर्षांपासून गोठ्यात उभी.

तीन वर्षांमागं ती आखाजीलाच निघाली होती. पूर्णेच्या अलीकडंच बंद पडली. बैलांनी ओढून परत आणली. मिस्त्रीनं खोलून पाहिलं, तर पंपाचा पडदा फाटलेला. टाकीतलं पेट्रोल ओढून इंजिनाला पोचवणारा हा छोटा पंप, त्याच्या पोटात एक रबरी पडदा असतो. तो वरखाली होतो म्हणून पेट्रोल ओढलं जातं. 'हा पंप आता कुठीच भेटत नाही,' असं सांगून मिस्त्री निघून गेला. गाडीवर कोंबड्या बसायला लागल्या.

दरवर्षी आखाजीच्या दिवशी आक्काचा फोन यायचा. "सगळे जेवले काय रे?" एवढंच विचारायची. मी खूप काही सांगायचो, पण ती फक्त "हाव, हाव" करायची. यंदा मी ठरवलं की मुराळी होऊन जायचं. मुराळी म्हणजे बहिणीला सासरहून आणायला जाणारा भाऊ. पण हा मुराळी बहिणीला नुसता आणणार नव्हता, तिच्या नवऱ्यासकट आणि जीपसकट आणणार होता. हे मी हाटेलात मोठ्यानं बोललो. फार मोठ्यानं बोललो. आता मागं फिरायला रस्ता उरला नव्हता.

पंपाचा पत्ता एका ट्रकवाल्यानं दिला. वडनेर भोलजीला एक वानखडे मिस्त्री आहेत, म्हणे. जुन्या जीपांचे अवयव त्यांच्याकडं असे ठेवलेले असतात, जशी आपल्याकडं लोणची.

वडनेर भोलजी

एसटीचा प्रवास सांगत नाही. घाट उतरला की पुढच्या दारातून ऊन आत चढतं आणि तिकीट न काढता शेवटपर्यंत बसतं, एवढंच. एप्रिलच्या त्या उन्हात वडनेरला उतरलो, तेव्हा माझ्या पिशवीतले बोल्ट आवळायचे पाने इतके तापले होते की पिशवीला वास यायला लागला होता.

वानखडे मिस्त्री सत्तरीच्या पुढचे. पांढरी बंडी, नाकावर चष्मा, ओसरीच्या भिंतीवर बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर, आणि तिच्याखाली रांगेनं कार्बोरेटर, डायनॅमो, गिअर, सगळे तेल लावून पुसलेले. आमच्या घरात माणसं एवढी स्वच्छ नसतात.

मी म्हणालो, "मिस्त्री, जीपचा पंप पाहिजे."

"कोणाची जीप?"

"माझ्या दाजींची. वरवट बकालची. तीन वर्षं उभी आहे. पंपाचा पडदा फाटला."

"काऊन फाटला?"

हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. मी म्हणालो, "फाटला म्हणजे फाटला. रबर आहे ते. माणसाचं काळीज फाटतं."

मिस्त्रींनी चष्म्यावरून माझ्याकडं पाहिलं. "काळजाचं मले माहीत नाही. पंप उगाच फाटत नाही. उभ्या उभ्या बंद पडली का चालता चालता?"

"चालता चालता. दहा-बारा किलोमीटर गेली अन् गचके देऊन थांबली."

"टाकीचं झाकण कसं हाय?"

आता मला जीपच्या टाकीच्या झाकणाचं काय ठाऊक? पण मी कधी 'माहीत नाही' असं म्हटलेलं माझ्या बापानंही ऐकलं नव्हतं. "एकदम वरिजनल," मी म्हणालो. "कंपनीचं. चांदीसारखं चमकतं."

"हं," मिस्त्री म्हणाले. "नुसता पंप बदलसान, तं नवा बी फाटीन. कारण पाहा."

मी मान हलवली. अशी मान मी डॉक्टरांसमोर पण हलवतो.

मला वाटलं आता पंप हातात येईल. छे! मिस्त्री उठले आणि मला मागच्या अंगणात घेऊन गेले. तिथं निंबाच्या सावलीत लाकडी घोडीवर एक आख्खं इंजिन बसवलेलं. "आधी लावून दाखवा," ते म्हणाले. "मी ऐऱ्यागैऱ्याले पंप देत नाही. मागं एकानं नेला अन् हातोडीनं बसवला."

मी बाह्या सरसावल्या. पंपाला दोनच बोल्ट, दोन नळ्या. इंजिनाच्या बाजूला एक भोक, त्यात पंपाचा दांडा घालायचा, तो आत फिरणाऱ्या शाफ्टवर टेकवायचा आणि बोल्ट आवळायचे. पाच मिनिटांत बसवला. विजयी मुद्रेनं वळून पाहिलं, तर मिस्त्री गळ्यातला रुमाल काढत होते.

"आता डोळे बांधून."

"का बरं?"

"जीपमंदी हे जागा दिसत नाही. हातालेच दिसते."

त्यांनी माझे डोळे बांधले. एवढंच सांगतो की मी पहिल्यांदा पंप उलटा लावला. दुसऱ्यांदा दांडा शाफ्टवर टेकण्याऐवजी त्याच्याखाली घातला. तिसऱ्यांदा निंबाच्या झाडालाच लावायला निघालो होतो. मिस्त्रींच्या मिसेस स्वयंपाकघराच्या दारातून पाहत होत्या. त्या म्हणाल्या, "जेवू द्या त्यांयले आधी. उपाशी माणसाचे हात थरथर करतात."

मग जेवण. वरण-बट्टी आणि वांग्याची भाजी. आमच्याकडं पाहुण्याला पोळी वाढतात आणि 'पुरे' म्हटलं की थांबतात. घाटाखाली 'पुरे' हा शब्द ऐकू येत नाही. बट्टी तुपात बुडवून कुस्करून देतात आणि आपण वर पाहिलं की ताटात आणखी एक पडलेली असते. मी किती खाल्ल्या ते सांगणार नाही. सांगितलं तरी तुम्ही मला खोटारडा म्हणाल, आणि तो तेवढा एक आकडा खरा आहे.

जेवल्यावर मी डोळे बांधून पंप एका झटक्यात बसवला. मिस्त्रींनी दांडा हलवून नळीच्या तोंडावर माझा अंगठा ठेवला. पंपानं अंगठा असा ओढून धरला की सोडवायला त्यांच्या मिसेसना बोलवावं लागलं. मग त्यांनी पंप जुन्या सुती लुगड्याच्या फडक्यात गुंडाळला, पत्र्याच्या डब्यात ठेवला आणि डब्यावर आपला फोन नंबर लिहिला. निघताना परत म्हणाले, "कारण पाहा."

"हो हो," मी म्हणालो. डोक्यात मांडे होते.

वरवट बकाल

आक्का दारात उभी. मला वाटलं गळ्यात पडेल. ती म्हणाली, "वाळला रे तू." तेवढ्या बट्ट्या पोटात घेऊन आलेल्या माणसाला असं म्हणणारी माणसं जगात एक बहीणच.

दाजी गोठ्याजवळ उभे होते. पांढरी टोपी, पायजमा, चेहऱ्यावर कायमची शांतता. दाजींचा एक स्वभाव सांगितला पाहिजे. त्यांना कुणी काही सांगितलं की ते खरं धरतात आणि तसं करतात. मी एकदा गमतीनं म्हणालो होतो की, रेडिओ लावला की वांगी मोठी होतात. दाजींनी एक आख्खा हंगाम वांग्याच्या वाफ्यात रेडिओ ठेवला. आणि वांगी मोठी झाली! आता यात कुणाला हसायचं?

चहा आला. पूर्णेच्या काठचं पाणी खारं. तिथल्या चहाला एक खारट गंभीरपणा असतो, तो पिताना आपण काहीतरी शपथ घेतोय असं वाटतं. आमच्याकडची माणसं पहिल्या घोटाला तोंड वाकडं करतात. आक्काला आता आमचा चहा बेचव लागतो.

"पंप आणला?" दाजींनी विचारलं.

मी डबा उघडला. दाजींनी पंप हातात घेतला, उलटापालटा केला आणि टोपी काढून खाली ठेवली. मग म्हणाले, "मी गाडी धुतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी विहिरीवर जाऊन आंघोळ करून येईपर्यंत त्यांनी तीन वर्षांचं जुनं पेट्रोल काढून टाकलं होतं. ते वार्निशासारखं घट्ट झालं होतं म्हणे. नवं आणून टाकी भरली होती, झाकण लावलं होतं, आणि पुंडलिकभाऊंच्या ट्रॅक्टरची बॅटरी उतरवून जीपला जोडली होती. कोंबड्यांना मात्र गाडी सोडवत नव्हती. एक तर स्टेअरिंगवर बसून राहिली. तिला दाजींनी हात जोडून उतरवलं.

मग माझा पराक्रम. मी घरात सांगितलं होतं, अर्ध्या तासाचं काम. अकरा वाजता एक बोल्ट माझ्या बोटांतून सुटला. टण्ण, टण्ण, टण्ण, आणि शांतता. आम्ही अंगणाचा इंच न् इंच धुंडाळला. दाजी पोटावर झोपून गाडीखाली गेले. पुंडलिकभाऊ बिडी न पेटवता शोधत होते, म्हणजे बघा प्रसंग किती गंभीर. शेवटी आक्का आली, कुरड्यांच्या चटईवर एक नजर टाकली आणि एका कुरडईच्या वेढ्यातून बोल्ट काढून दिला.

"कुरडई तेवढी तू खाजो," ती म्हणाली.

दुपारी मी डोळे मिटून, हातानं चाचपून पंप बसवला. वडनेरचा रुमाल नसला तरी मिस्त्री पाठीमागं उभे आहेत असं वाटत होतं. दांडा शाफ्टवर टेकला, बोटाला कळलं. बोल्ट आवळले. मग ती नळी तोंडानं ओढण्याची गंमत झाली, जी तुम्ही वर वाचली.

तोंड धुऊन आलो. दाजी सीटवर बसले. आक्का पदर तोंडाशी धरून उंबऱ्यावर. तीन आखाज्या तिनं ज्या उंबऱ्यावरून फोन केला, तोच उंबरा. दाजींनी स्टार्टर दाबला. घर्र. घर्र. घर्र. काही नाही. पुन्हा दाबला. घर्र, घर्र, आणि एकदम असा धूर निघाला की समोरची भिंत दिसेना, आणि त्या धुरातून आवाज आला, भडभडभडभड! गोठ्यातली म्हैस दावं तोडून गेली. पुंडलिकभाऊंनी टाळ्या वाजवल्या. दाजी सीटवर बसून होते, हात स्टेअरिंगवर, आणि गालावरून पाणी येत होतं.

"धूर गेला डोयात," ते म्हणाले.

आक्का आत निघून गेली. मला वाटलं रडायला गेली. पाहिलं, तर ती माळ्यावरून खापर उतरवत होती.

पूर्णेचा पूल

आखाजीच्या आदल्या दिवशी सकाळी निघालो. पुढं दाजी आणि मी. मागं आक्का, गोधडीत गुंडाळलेलं खापर मांडीवर घेऊन. तिनं त्या खापराला असं धरलं होतं, जणू बारशालाच निघाली.

दाजी जीप चालवतात तेव्हा बैलगाडीवाले त्यांना ओव्हरटेक करतात. पण त्या सकाळी वारा समोरून, दोन्ही बाजूंना मोकळी काळी रानं, आणि दाजी चक्क गाणं गुणगुणत होते. आक्का मागून प्रत्येक गावाला सांगत होती, "माहेरी चालली! हाव, जीपनंच! भाऊ आला न्यायले!" रस्त्याकडेच्या बायका हात हलवत होत्या. मी पण हलवत होतो, मंत्र्यासारखा.

पूर्णेचा पूल लागला. आणि बरोबर मधोमध जीपनं एक गचका दिला. मग दुसरा. आक्का ओरडली, "खापर!" तिसऱ्या गचक्याला इंजिन गप्प झालं.

खाली पूर्णेत उन्हाळ्याची बारीक धार. वर आम्ही. मागं एक ऊसवाला ट्रॅक्टर हॉर्न वाजवतोय.

मी मागं वळून आक्काकडं पाहिलं आणि पाहायला नको होतं असं झालं. तिनं खापरावरची गोधडी पुन्हा नीट केली आणि म्हणाली, "चाल, जाऊ दे. बैल बोलवा." एवढ्या हळू आवाजात ती जन्मात बोलली नसेल. दाजी नदीकडं पाहत होते.

मी खाली उतरलो, बॉनेट उघडलं आणि वडनेरच्या मिस्त्रीला त्यांच्या तीन पिढ्यांसकट शिव्या दिल्या. मग त्यांना फोन लावला.

"मिस्त्री, तुमचा पंप गेला!"

"पंप नाही गेला," तिकडून शांत आवाज. "झाकण खोला टाकीचं."

"झाकणाचा काय संबंध?"

"खोला म्हणतो ना."

टाकी ड्रायव्हरच्या सीटखाली. मी दाजींना उतरवलं, झाकणाला हात घातला. फिरेना. दोन्ही हातांनी फिरवलं. आणि ते सुटलं तेव्हा असा आवाज आला, फुस्सऽऽऽ! जणू टाकी तीन वर्षांनी श्वास घेत होती. पुलावरची धूळ टाकीत ओढली गेली. ऊसवाल्याची टोपी हलली. माझी मिशी त्या दिशेनं वळली.

झाकणाखाली प्लास्टिकची जाड पिशवी. चांगली चारपदरी. वरून सायकलच्या ट्यूबचं रबर गच्च बांधलेलं, त्यावर झाकण आवळलेलं.

मिस्त्री फोनवर सांगत होते, "टाकीतलं पेट्रोल कमी झालं की त्या जागी हवा जायले पाहिजे. त्याच्यासाठी झाकणाले बारीक भोक असते. ते बंद केलं तं पंप ओढून ओढून मरते बिचारा. पहिला त्यानंच फाटला. वरिजनल झाकण म्हणत होते ना तुम्ही?"

मी फोन ठेवला. आवाज नीट येत नव्हता असं मी नंतर सांगितलं.

"दाजी, हे कोणी बांधलं?"

"मीच," दाजी म्हणाले.

"कशाला?"

"पेट्रोल उडून जाते ना उन्हानं."

मी पुलाच्या कठड्याला धरून हसलो. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसलो. पिशवी काढली, रबर पूर्णेत फेकलं, झाकण तेवढं लावलं. दाजींनी स्टार्टर दाबला आणि भडभडभड! ऊसवाल्यानं पण हॉर्न वाजवला, या वेळी कौतुकाचा. आक्का मागून ओरडली, "चाला वो चाला, पुरणाची दाय भिजू घालायची हाय!" तिचा आवाज परत आला होता. नदीतले बगळे उडाले.

त्यानंतर मी गप्प बसलो नाही. शेगावला थांबलो, तिथं चहावाल्याला पिशवीची गोष्ट सांगितली. खामगावला पंक्चरवाल्याला सांगितली. घाट चढताना दाजींनाच दोनदा सांगितली. दाजी रस्त्याकडं पाहत, हसत नाहीत, रागवत नाहीत. आक्का मात्र मागून एकदा म्हणाली, "बबन, पुरे आता." मी तिचं ऐकलं नाही. घाटाखाली 'पुरे' ऐकू येत नाही, ही सवय मला चढावर पण लागली होती.

पुन्हा दुसरबीड

आखाजीची दुपार. चुलीवर खापर पालथं, आक्काच्या हातावर मांडा फिरतोय, मोठा होतोय, आणि शेजारच्या बायका मान वर करून बघतायत, जसं पतंगाकडं बघतात. तीन वर्षांनी आमच्या अंगणात त्या पुरणाचा वास आला. माझ्या बायकोनं स्वतःहून जाऊन आक्काच्या हातात पाण्याचा तांब्या दिला आणि थालीपिठाचा विषय निघू दिला नाही.

अंगणात खाट टाकलेली. त्यावर दाजी, आमरसाची वाटी हातात. हाटेलातली सगळी मंडळी आलेली, कारण मी सगळ्यांना बोलावलं होतं. बोललो होतो ना, आणून दाखवीन! जीप दारात उभी, तिच्यावर आता आमच्या कोंबड्या.

मी गोष्ट रंगवून सांगितली. पिशवीचे चार पदर होते, ते सात झाले. रबर एक होतं, त्याच्या तीन ट्यूबा झाल्या. झाकण उघडलं तेव्हा ऊसवाल्याचे दोन ऊस टाकीत ओढले गेले. लोक पोट धरून हसत होते. मी दाजींच्या खांद्यावर हात ठेवला.

"पण दाजी, खरं सांगा आता सगळ्यांसमोर. त्या पिशवीपायी पंप फाटला. त्या पंपापायी आक्काच्या तीन आखाज्या गेल्या. उन्हानं टाकीतलं अर्धं पेट्रोल उडून जातं, पिशवी बांधत जा, हे तुम्हाला सांगितलं तरी कोण्या दीडशहाण्यानं?"

चुलीजवळ आक्काचे हात थांबले. ती मांड्याकडंच पाहत राहिली.

दाजींनी वाटीतला रस संपवला, वाटी खाली ठेवली, मिशी पुसली.

"तुम्ही," ते म्हणाले. "मागच्या बारीले आल्तो तवा. याच खाटीवर."